आजोबांचा रहाटपाळणा परत उभा करतोय: कामाच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२४, रविवार

भाऊबीज. ताईनं ओवाळलं, शेंगापोळी हाणली आणि कडबा काढायला म्हणून मागच्या गोठ्यात गेलो तर कडब्याखाली आजोबांचा पाळणा. तो तिथं आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं, इतक्या वर्षांत कुणी बघितला नव्हता एवढंच. चार लाकडी पाळण्यांचा, हातानं फिरवायचा रहाटपाळणा, मोटर नाही इंजिन नाही, एक माणूस खाली उभा राहून येईल त्या पाळण्याला हात देतो आणि बास. आजोबा आणि आप्पा (आजोबांचे धाकटे भाऊ, आता वय ७८) बैलगाडीत घालून यात्रेयात्रेला न्यायचे, बाळ्याचा खंडोबा, नळदुर्गचा खंडोबा, पंढरपूरची कार्तिकी आणि संक्रांतीला सोलापूरचा गड्डा (सिद्धेश्वराची यात्रा). शेवटचा उभा केला १९९३ च्या उन्हाळ्यात, मग सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला, त्या वर्षी कुणाला पाळण्यात बसायचं सुचलं नाही, आणि जे राहिलं ते राहिलंच. मी सहा वर्षांचा होतो. आठवतं ते एवढंच की वर गेलं की पोटात गोळा यायचा आणि खाली आप्पांचं मुंडासं दिसायचं.

संध्याकाळी टेप घेऊन मोजणी. खांबांच्या दोन कैच्या, सागाच्या. मधली आस बाभळीची, दोन्ही टोकांत लोखंडी गज ठोकलेले. आसेवर साडेतीन फुटांच्या अंतरानं दोन फुल्या, एकेका फुलीत १३ फुटी दोन लाकडं, मध्यावर अर्धी-अर्धी खाच मारून एकमेकांत बसवलेली. फुल्यांच्या टोकांमध्ये लोखंडी दांडी आणि तिच्यावर पाळणा लोंबतो. आस जमिनीपासून साडेनऊ फुटांवर, म्हणजे सगळ्यात वरची दांडी जाते १६ फुटांवर. दोन मजल्यांपेक्षा कमी. तरी पोटात गोळा यायचा.

येत्या हनुमान जयंतीला गावची यात्रा, १२ एप्रिल. आप्पांना म्हणलं उभा करायचा का. आप्पा म्हणले, "तुला सुट्टी मिळती का आधी ते बघ."

१० नोव्हेंबर, रविवार

पुण्यातून शनिवारी रात्रीची एसटी, रविवारी रात्री परत, आता पाच महिने हेच चालणार आहे असं दिसतंय. सगळं बाहेर काढून अंगणात मांडलं. चांगली बातमी आधी, कैच्या ठणठणीत आहेत, आस पण, बाभूळ ती बाभूळच, बैलगाडीच्या चाकाचा तुंबा उगाच बाभळीचा करत नव्हते. वाईट म्हणजे फुल्यांच्या चार लाकडांपैकी एकाला वाळवी. वरून अख्खं दिसतं, पटाशी लावली तर बोटभर आत गेली. चारपैकी दोन पाळण्यांचे तळ गेलेत, एकाला उंदरानं घर केलं होतं, त्यात आमच्या शाळेच्या मार्कलिस्टचा तुकडा सापडला (गणितात किती ते सांगणार नाही).

पण खरी भीती वाटली ती दांड्यांची. चारही दांड्या मुळात इंचाच्या, म्हणजे २५ मिलीच्या, आणि पाळण्याची कडी जिथं घासते तिथं झिजून झिजून व्हर्नियरवर १९ मिली. एका ठिकाणी १८. फोटो काढून ठेवलाय. याच्यावर तेव्हा तीन तीन माणसं बसत होती आणि आम्ही पोरं वर गेल्यावर हलवत होतो.

आप्पांना दाखवलं तर ते म्हणले, दर दोन वर्षाला आम्ही दांडी अर्धा आटा फिरवायचो. हे कुठं लिहिलेलं नाही, कुणी सांगितलंही नव्हतं, आपण विचारलं म्हणून आलं बाहेर. आता वहीच केलीये, आप्पा जे बोलतील ते लिहायचं.

२४ नोव्हेंबर

फार काही नाही. साफसफाई. कडब्याची धूळ नाकात जाऊन दोन दिवस शिंका.

१ डिसेंबर, रविवार

सुतारमामा आले होते. वाळवी लागलेल्या लाकडाचं काय करायचं यावर तासभर चर्चा, मला वाटत होतं खराब तेवढा भाग कापून नवीन जोड द्यावा म्हणजे जुनं लाकूड जास्तीत जास्त राहील. सुतारमामा म्हणले जोड तुळईला चालतो, आऱ्याला चालत नाही, तुळई नुसती ओझं घेऊन पडून राहते, आरा फिरतो, वर असला की दाबला जातो आणि खाली आला की ओढला जातो, एका फेरीत दोन्ही. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा करून आलोय आणि हे मला सातवी शिकलेल्या माणसानं समजावलं. अख्खं बदलायचं ठरलं. नवीन साग नको, तो वाळलेला नसतो, नंतर पिळतो. जुन्या वाड्याची तुळई बघायची.

रात्री एसटीत हाच विचार. मित्राला फोटो पाठवले तर त्यानं लिहिलं, लाकूड बदलणार, दांड्या बदलणार, तळ बदलणार, मग आजोबांचं राहिलं काय, नवीनच कर ना सरळ. तेव्हा उत्तर सुचलं नाही, आता सुचतंय. २०१९ ला कंपनीनं ट्रेनिंगला ऑस्ट्रियाला पाठवलं होतं तेव्हा एका रविवारी व्हिएन्नाच्या प्राटरमध्ये गेलो होतो, तिथला मोठा पाळणा, रीझनराड म्हणतात, १८९७ चा आहे, वॉल्टर बॅसेट नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं बांधलेला. जवळपास ६५ मीटर उंच, लाल डबे रेल्वेच्या डब्यासारखे, आत उभं राहून खिडकीतून गाव बघायचं. १९४४ ला युद्धात जळला. नंतर दुरुस्त करून १९४७ ला परत सुरू केला, पण आधी ३० डबे होते ते १५ च बसवले, सांगाड्यावर तेवढाच भार झेपेल म्हणून. आजपण १५ च आहेत, एक सोडून एक जागा रिकामी, खालून बघितलं की पडलेल्या दातांसारखं दिसतं. आणि तरी त्याला जुना पाळणा नाही असं तिथं कुणी म्हणत नाही. उलट शिकागोचा, ज्याच्या नावावरून सगळं जग फेरिस व्हील म्हणतं, १८९३ चा, २६४ फुटी, ३६ डबे आणि एकेका डब्यात ६० माणसं, तो १९०६ ला सुरुंग लावून पाडला आणि भंगारात गेला. तो तर ओरिजिनलच होता. फायदा काय झाला?

मित्राला एवढं लांबलचक टाईप करून पाठवलं. त्यानं अंगठा दाखवला.

१५ डिसेंबर

तुळई मिळाली. सोलापुरात पेठेतला एक वाडा पाडलाय, त्यातलं लाकूड एकानं घेऊन ठेवलंय. सागाची, काळी पडलेली, वरून रंधा मारला तर आत मधासारखा रंग आणि तो वास. १३ फूट मिळायला १६ फुटी घ्यावी लागली, उरलेल्या तीन फुटांत दोन तळांच्या पट्ट्या निघतील. खिळे काढायला अर्धा दिवस गेला, चौकोनी डोक्याचे घडीव खिळे, लोहारानं घडवलेले, ते डब्यात ठेवलेत, टाकवत नाहीत.

दांड्यांसाठी पुण्यात ईएन-८ पोलादाचा २८ मिली बार घेतला, ओळखीच्या टर्निंगवाल्याकडून २५ करून आणतोय. जिथं कडी घासते तिथं गनमेटलचा बूश (पितळेसारख्या धातूची नळी) टाकणार, म्हणजे झिजला तर बूश झिजेल, दांडी नाही. बूश बदलायला शंभर-दोनशे रुपये, दांडी गेली तर माणूस जातो.

२९ डिसेंबर

खाचा मारून झाल्या. सुतारमामांनी जुन्या लाकडावरून नवीन आखलं, टेप लावलाच नाही, लाकूड लाकडावर ठेवून सुईनं रेघ. म्हणलं मिलिमीटर? म्हणले, "ते मिलिमीटर तिकडं पुण्यात."

१९ जानेवारी २०२५, रविवार

संक्रांत होऊन पाच दिवस झालेत पण गड्ड्याचे पाळणे महिनाभर असतातच, म्हणून पुतणीला (वय ९) घेऊन होम मैदानावर. नंदीध्वज आणि अक्षता सोहळा यंदा पण हुकला, ऑफिस, दरवर्षीचं रडगाणं आहे ते.

मला जत्रेतल्या राईडींच्या पुढच्या बाजूपेक्षा मागची बाजू जास्त आवडते. पुतणी ड्रॅगन ट्रेनमध्ये तीनदा बसली तोवर मी मोठ्या आकाशपाळण्याच्या मागं उभा. काय सुंदर जुगाड असतो. पाळण्याच्या कडेनं वायर रोप फिरवलेला, तो खाली एका ड्रमवर, ड्रम जुन्या गाडीच्या गिअरबॉक्सला आणि गिअरबॉक्स डिझेल इंजिनला. म्हणजे पाळणा चालवणारा माणूस शब्दशः क्लच दाबून पहिला गिअर टाकतो. पाया म्हणजे जमिनीवर लाकडी ठोकळे रचलेले, लेव्हल बघायला पारदर्शक नळीत पाणी. चालवणाऱ्याशी बोलत बसलो, त्याचा आजा पण हातपाळणा फिरवायचा म्हणे. सगळ्यांचेच आजे फिरवायचे बहुतेक. विचारलं तो पाळणा कुठंय, तर म्हणाला चुलीत.

पण मला तिथं एक नाद लागला. त्यांच्या पाळण्याच्या आसेला मस्त मोठ्या बेअरिंग होत्या, बोटानं ढकलला तर हलत होता. डोक्यात आलं आपण पण आस जिच्यावर फिरते त्या लाकडी बैठकीऐवजी बेअरिंग टाकू. आप्पांचं वय झालंय, हलका फिरला तर बरंच.

हे लिहून ठेवतोय कारण पुढं याचीच शिक्षा झाली.

२ फेब्रुवारी, रविवार

शेतात उभा केला! पहिल्यांदा, ३२ वर्षांनी. कैच्या दोन-दोन फूट गाडल्या, आस चढवायला सहा माणसं लागली, आप्पा खुर्चीत बसून शिव्या देत होते म्हणजे सुपरव्हिजन. बेअरिंग बसवल्या होत्या मी, ब्लॉकवाल्या, ग्रीस भरून, बोल्टनं आवळून, दिसायला एकदम कंपनी माल.

पाळण्यात माणसांऐवजी वाळूची पोती ठेवली, चारही पाळण्यांत सारखी. मी हात दिला. फिरला. अजून एकदा हात दिला, जोरात फिरला. अजून एकदा. आणि मग थांबवायचं होतं.

थांबेना. मी येणारा पाळणा धरायला गेलो तर मलाच घेऊन चालला, दोन पावलं फरपटलो आणि सोडला, पुढचा पाळणा मागून खांद्यावर. मग बाजूला होऊन आम्ही सगळे नुसते बघत उभे, तो आपला निवांत फिरतोय, आवाज नाही काही नाही, जसा काही कुणी भूत ढकलतंय. किती वेळ ते मोजलं नाही पण आप्पांची तंबाखू मळून तोंडात जाऊन एकदा थुंकून झाली. शेवटी थांबला तर थांबला पण नाही, एक पोतं जरा जड होतं त्या बाजूला खाली येऊन परत वर, परत मागं, लंबकासारखा हलत राहिला.

आप्पा उठले. बेअरिंगकडं काठीनं दाखवून म्हणले, "ह्याला ब्रेक कुठाय?"

आणि मग कळलं की जुन्या बैठकीत, लाकडाच्या अर्धगोल खाचेत जाड गज घासत फिरायचा ना, ते घासणं म्हणजेच ब्रेक होता. आपण त्याला दोष समजत होतो. दोन हात दिले की दोन-तीन फेऱ्या, सोडला की तिसऱ्या फेरीला आपोआप मंद आणि मग खांद्यानं धरायचा. वंगण किती लावायचं हे त्याच्यावरच ठरायचं, आप्पा सांगत होते की थंडीत एरंडेल, उन्हाळ्यात एरंडेलात थोडी चरबी, आणि गर्दीच्या दिवशी वंगण कमी, कारण पटापट थांबवून पटापट माणसं बदलायची असतात. गर्दी नसेल तेव्हा वंगण जास्त, म्हणजे पोरांना चार फेऱ्या जादा मिळतात आणि ती दुसऱ्या पोरांना जाऊन सांगतात. धंद्याचं सगळं गणित त्या वंगणाच्या डब्यात होतं राव.

खांदा काळानिळा. बेअरिंग परत पुण्याला. बैठकीसाठी बाभळीचे दोन ठोकळे.

९ फेब्रुवारी

खांद्यामुळं गेलो नाही. बायको म्हणाली चांगलं झालं. (खांद्याबद्दल नाही, घरी राहिल्याबद्दल. बहुतेक.)

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज काम नाही, खोपोलीला इमॅजिका. पुतणीला कबूल केलं होतं आणि खरं सांगायचं तर मलाच जायचं होतं. मी १९९९ ला शाळेच्या सहलीत एस्सेलवर्ल्डला गेलो तेव्हापासून हे वेड आहे, सोलापूरहून रात्रभर बस, मग ती बोट, गोराईच्या खाडीतून जाताना लांबून राईडींचे सांगाडे दिसायला लागले तेव्हा अख्खी बोट ओरडली होती. १९८९ ला सुरू झालेलं ते, २०२२ ला बंद झालं. बातमी वाचली त्या दिवशी ऑफिसात कुणाला सांगावं तेच कळेना, बत्तीस-तेहतीस वर्षांची जागा, म्हणजे पार्क म्हणून काही फार म्हातारी नाही, पण आमच्या पिढीचं लहानपण तिथं होतं.

नायट्रो नावाच्या रोलरकोस्टरमध्ये बसलो, दोनदा. स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड माबियार कंपनीची आहे, २०१३ ची, पाय खाली मोकळे लोंबतात, पायाखाली फळी नाही. पुतणीची उंची भरली नाही म्हणून ती गोल्ड रश एक्सप्रेसमध्ये आणि नंतर तासभर फुगलेली. चढावर साखळी खडखडत वर नेते तो आवाज मला सगळ्यात जास्त आवडतो, पुढच्या सगळ्या उलट्यासुलट्यांपेक्षा. माझ्या शेजारचा मुलगा डोळे मिटून हनुमान चालिसा म्हणत होता, पहिल्या उतारावर "जय हनुमान" वर अडकला आणि शेवटपर्यंत तेवढंच.

उतरल्यावर मी दहा मिनिटं स्टेशनच्या आधीचे ब्रेक बघत उभा राहिलो. डोक्यात अजून २ फेब्रुवारीच होतं. गाडी सुसाट येते आणि एका जागी चिमट्यात धरल्यासारखी मंद होते, तिथं कुणाचा खांदा लागत नाही, सगळं कंट्रोल पॅनेल करतं. जुन्या लाकडी रोलरकोस्टरमध्ये मात्र ब्रेक लावणारा माणूस गाडीतच असायचा, आणि जगात मोजक्या ठिकाणी अजून असतो, कोपनहेगनच्या टिव्होलीमध्ये १९१४ ची रुत्शेबानेन आहे, मेलबर्नच्या लूना पार्कात १९१२ ची सीनिक रेल्वे, दोन्हीकडं ब्रेकमन लोकांसोबत बसून किंवा उभा राहून जातो आणि उतारावर, वळणावर हातानं दांडा ओढतो. दिवसभर. शंभर वर्षांच्या वर चाललंय हे. सीनिक रेल्वेची लाकडं तर किती वेळा बदलली असतील, समुद्राच्या काठी आहे ती, पण ब्रेक कुठं किती ओढायचा हे एकानं दुसऱ्याला शेजारी बसवूनच शिकवलं असणार, दुसरा रस्ताच नाही. नोकरी सोडून जावंसं वाटतं असलं काही वाचलं की.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात लीप-द-डिप्स म्हणून आहे, १९०२ चा, जगातला सगळ्यात जुना उभा असलेला रोलरकोस्टर म्हणतात. त्याच्या गाडीला रुळाखालून धरणारी चाकं नाहीत, नायट्रोला वर, बाजूला आणि खाली अशी तिन्हीकडं चाकं आहेत म्हणून ती उलटी होऊ शकते, याला खालची नाहीत, नुसती वजनानं रुळावर बसलेली गाडी. म्हणून वेगही कमीच. १९८५ ला बंद पडला होता, लोकांनी पैसे जमवून दुरुस्त केला आणि १९९९ ला परत सुरू. १४ वर्षं बंद. आमचा ३२. फरक एवढाच की त्यांना ऐतिहासिक वास्तू म्हणून पाटी मिळालीये आणि आमच्यावर कडबा होता.

पुतणी परत येताना गाडीत झोपली. झोपायच्या आधी विचारलं, आपल्या पाळण्याला पण उंची लागणार का? चांगला प्रश्न आहे. वहीत लिहिलाय.

२ मार्च, रविवार

नवीन बैठक बसवली. बाभळीचे ठोकळे, आप्पांनी खाचेत आधी एरंडेल दिवसभर मुरवलं. परत पोती, परत हात. तिसऱ्या फेरीला मंद, मी खांदा लावला, थांबला. असा थांबला की मीच हसायला लागलो.

उंचीऐवजी वयाचं ठरवलं: आठ वर्षांच्या आतलं पोर एकटं नाही, सोबत मोठं माणूस. एका पाळण्यात जास्तीत जास्त १०० किलो. आणि पाळण्याला पुढून आडवी दांडी आणि चेन. मूळ पाळण्याला काहीच नव्हतं, आत बसायचं आणि धरायचं, बास. मला आधी वाटलं दांडीनं जुनं रूप जाईल. मग ती १८ मिलीची दांडी आठवली. जुनं रूप गेलं तरी चालेल.

९ मार्च

रंग. पाळण्यांच्या बाजूच्या फळ्यांवर ऑइल पेंटचे थर, एकावर एक, निळा, त्याखाली हिरवा, त्याखाली लाल. आधी ठरवलं होतं सगळं खरवडून नवीन रंगवू, पण तीन नंबरच्या पाळण्यावर पुतणी नखानं पोपडा काढत बसली आणि खालून शेपटी निघाली. मग ब्लेड, हळूहळू, चार तास. मोर. मोराच्या पलीकडं विमान! लढाऊ विमान, पंखावर तिरंग्याचा गोल. आप्पांना विचारलं तर म्हणले एकाहत्तरच्या लढाईनंतर सगळ्यांनी विमानं काढून घेतली होती, बार्शीचा एक पेंटर होता, त्यानं दोन रुपये आणि पायलीभर ज्वारी घेतली. मग लगेच बाहत्तरचा दुष्काळ, पाळणा गोठ्यात आणि आजोबा-आप्पा दोघं खडी फोडायला. "विमान एकच यात्रा फिरलं," आप्पा म्हणले, "मग बैल विकले."

दुष्काळ सरल्यावर लाल रंग दिला तो सगळीकडं एकच, स्वस्त होता म्हणून.

तर आता प्रश्न. हिरवा, निळा आणि लाल काढून मोर-विमान दाखवायचं की मी लहानपणी बघितलेला निळा ठेवायचा? माझा पाळणा निळा आहे. आप्पांचा विमानाचा. दोन दिवस वाद घातला स्वतःशीच. तीन नंबरचा मोर-विमान उघडा ठेवायचा, त्याच्यावर नुसतं जवसाचं तेल, बाकी तीन निळे. तेलकट डाग पडलाय विमानाच्या शेपटीवर, माझ्याच बोटाचा, तो निघत नाहीये.

१६ मार्च

बूश फिट. फिटिंगचं काम, कुणाला वाचायला मजा नाही. चारपैकी एक सैल झाला, परत टर्निंगवाल्याकडं.

२३ मार्च, रविवार

लोड टेस्ट. मर्यादा १०० किलोची म्हणून एकेका पाळण्यात दीडपट, १५० किलो, म्हणजे ५० किलोची तीन पोती. चार पाळणे, सहाशे किलो. ओळखीतले एक स्ट्रक्चरल इंजिनिअर मुद्दाम सोलापूरहून आले, ते तासभर नुसते दांड्या आणि खाचा बघत होते. आधी दोन तास भरून नुसता उभा ठेवला, मग फिरवला ५० फेऱ्या, दोघंदोघं आळीपाळीनं. उतरवून मोजलं, दांडी सरळ, खाचा जागेवर, एका पाळण्याची कडी ओढून लांबट झाली. कडी जुनी होती. चारही नव्या करायच्या लोहाराकडून. ग्रामपंचायतीला द्यायचं पत्र त्यांनीच लिहून दिलं.

मग आप्पांनी मला भरायचं शिकवलं. हे मला सगळ्यात अवघड गेलं. पहिला गडी बसवला की पाळणा त्या बाजूला जड, मग दुसरा लगेच शेजारच्यात नाही बसवायचा, अर्धा फिरवून समोरच्यात, आणि साधारण तेवढ्याच वजनाचा. लोकांकडं बघून वजन ओळखायचं. आप्पा लांबूनच सांगत होते, तो पंचावन्न, ती पन्नास, हा दिसतो बारीक पण हाडानं जड, साठ धर. मी काट्यावर बघितलं गुपचूप, दोनतीन किलोचा फरक. आणि हात कुठं द्यायचा, पाळण्याला नाही, आऱ्याच्या टोकाला, पाळण्याला दिला की तो हेलकावतो आणि आतलं पोर घाबरतं. आणि हात द्यायचा तो पाळणा खाली येऊन वर निघतानाच, आधी दिला तर तो तुमच्या अंगावर येत असतो.

तीन आठवडे आहेत आणि मला अजून वजन ओळखता येत नाही. पुतणीला येतं. खरंच. बाजारात लोकांकडं बघून सांगत बसते, काल शाळेतल्या बाईंचं सांगितलं म्हणून ओरडा खाल्ला.

३० मार्च, गुढीपाडवा

खांबाला हार घातला, नारळ फोडला. आप्पांची एकच तक्रार, आवाज येत नाही. पूर्वी कुईं-कुईं वाजायचा, ते ऐकून पोरं यायची, आता बूश टाकल्यावर मुका झालाय. म्हणलं आप्पा तो आवाज म्हणजे दांडी झिजत होती. म्हणले झिजू दे की, गिऱ्हाईक तर येत होतं. तोडगा: कैचीला बैलाच्या गळ्यातली घुंगुरमाळ.

१२ एप्रिल, शनिवार, हनुमान जयंती

पहाटे मारुतीचा जन्म, सुंठवडा, पालखी, आणि दुपारी चारला पाळणा सुरू. तिकीट नाही. मंदिराच्या मागच्या लिंबाखाली उभा केला, पुढं सोलापूरहून आलेला मोठा ब्रेक डान्स (गरगर फिरणारी राईड) डीजे लावून, त्याच्या शेजारी आमचा म्हणजे हत्तीशेजारी शेळी. पहिला अर्धा तास कुणी फिरकलं नाही. मग सत्तरीच्या दोन म्हाताऱ्या आल्या, नऊवारीतल्या, एक म्हणली ह्याच पाळण्यात मी लग्नाआधी बसली होती आन भावानं मारलं होतं. समोरासमोरच्या पाळण्यांत बसल्या. वर गेल्यावर जी किंचाळली ती ब्रेक डान्सच्या डीजेवर ऐकू गेली, आणि मग रांग.

एकूण किती फेऱ्या झाल्या मोजलं नाही. तीन नंबरच्या विमानात बसायला भांडणं, "आमाला इमानात". एका पैलवानाला परत पाठवला, एकटाच ११० चा होता (पुतणी म्हणाली ११५), तो चिडला नाही, उलट दोन तास माझ्यासोबत हात द्यायला थांबला. त्याच्या हातात जोर भरपूर पण वेळ चुकायची, आप्पा खुर्चीतून ओरडायचे "थांब... थांब... आता!" सातच्या सुमारास आप्पाच उठले. काठी माझ्याकडं दिली. धोतर खोचलं आणि एका हातानं फिरवायला लागले, दुसरा हात कमरेवर, ना घाई ना जोर, आऱ्याचं टोक समोर आलं की नुसतं तळव्यानं पुढं सारायचं. मी दोन महिने जे ताकदीनं करत होतो ते. पाचसहा फेऱ्या केल्या आणि परत बसले, धाप लागली होती, कुणाला दाखवत नव्हते. मी मोबाईलवर रेकॉर्ड केलंय पण त्यात तळवा नीट दिसत नाही, पैलवान मधी आलाय.

१३ एप्रिल, रविवार

उतरवला. गोणपाटात आस, दांड्या वेगळ्या, तेल लावून. गोठ्यात नाही, पत्र्याच्या खोलीत, खाली विटा ठेवून, वाळवीची पावडर टाकून. बूश मोजले: एक, दोन, चार ठीक, तीन नंबरचा जरा जास्त झिजलाय, विमानाची मागणी. दिवाळीच्या आधी बदलायचा. घुंगुरमाळ परत करायची आहे, शेजारच्यांची आहे. पुतणीला दोन फेऱ्या रिकामा पाळणा फिरवायला दिला, तिची वेळ बरोबर जुळते, उंची कमी पडते.

आप्पांची तंबाखूची चंची तीन नंबरच्या पाळण्यात सापडली. संध्याकाळपासून तीन फोन आलेत.